अॅडव्हान्स्ड स्पॅनिश, मुक्काम कुडवा

मोहफुलांचं एक बरं असतं. सकाळी टोपली भरून वेचून आणली, तरी दुसऱ्या दिवशी झाडाखाली पुन्हा तेवढीच पडलेली असतात. आमच्या स्पॅनिशच्या वर्गाचे किस्से या जातीचे आहेत. आता सडक अर्जुनीला माझं औषधांचं दुकान आहे. जुना वर्गमित्र मनीष पटले ट्रान्सपोर्टच्या कामानं हायवेवरून जाताना थांबतो, डोकेदुखीची गोळी मागतो आणि एखादा किस्सा काढतो. मग मला दुसरा आठवतो. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं.

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या एका शाळेत आम्ही अकरावी-बारावीला स्पॅनिश शिकलो, हे त्या गिऱ्हाइकाला आधी पटत नाही. पटलं की ते एकच शब्द विचारतं, "कायले?" म्हणजे, कशाला?

याचं उत्तर आमच्याकडे तेव्हाही नव्हतं.

* * *

आमच्या शाळेचे अध्यक्षसाहेब राइस मिलवाले. नागपूरच्या कॉलेजांत फ्रेंच आणि जर्मन शिकवतात, हे त्यांना फार दिवस झोंबत होतं. "नागपुर में जो नहीं है, वो लाओ," असा त्यांनी हुकूम सोडला आणि मुख्याध्यापकांनी इकडेतिकडे चौकशी करून स्पॅनिश आणलं. अकरावीला बेसिक आणि बारावीला अॅडव्हान्स्ड, असं सरळ साधं ठरलं होतं. फ्लेक्स छापायला जायच्या आधी साहेबांनी मजकूर वाचला.

"ये बेसिक क्या है?"

"सर, पहला साल. नाम-गाम, गिनती, रास्ता पूछना, वगैरह."

"बेसिक में अपना बच्चा कौन भेजेगा? लोग समझेंगे लड़का कच्चा है. दोनों साल एडवांस लिखो."

दोन्ही वर्षं अॅडव्हान्स्ड छापलं गेलं. फ्लेक्स खोटा पडू नये म्हणून मग पुस्तकंही तशीच मागवली. त्यामुळे आमचा पहिला धडा होता 'जागतिकीकरण: फायदे आणि तोटे'. स्पॅनिशमध्ये स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं तेव्हा आम्ही जागतिकीकरणाच्या दोन्ही बाजू मांडत होतो.

* * *

या भाषेला पोरं मिळाली ती मार्कांमुळे. संस्कृतपेक्षा जास्त पडतात, अशी हवा होती. कोणाचे पडले होते, ते कोणी विचारलं नाही, कारण आमच्या आधी कोणी शिकलंच नव्हतं.

माझी मैत्रीण दुर्गा कापगते केशोरीची. तिचे बाबा धानाचे चांगले शेतकरी, स्वभावानं गरीब, पण कोणत्याही कागदावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारणारे. ॲडमिशनच्या दिवशी ते मुख्याध्यापकांसमोर बसले.

"सर, ही भाषा किती देशांत बोलतेत?"

"वीसेक देशांत बोलतात."

"आपल्या देशात?"

"आपल्या देशात नाही."

बाबांनी थोडा विचार केला. "मंग काही हरकत नाही. पोरगी कोणाशी भांडणार तर नाही."

सही करताना त्यांनी एक अट मात्र घातली. "बारावीपर्यंत. पुढचं मंग पाहू." आमच्याकडे पोरीच्या बापानं 'मंग पाहू' म्हटलं, की पुढे काय पाहायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुर्गालाही होतं. पण तेव्हा ती बोलतच नसे.

* * *

शिकवायला मेश्राम मॅडम होत्या. त्या नागपूरहून रोज रेल्वेनं अप-डाउन करायच्या. आमच्या भागात निम्मे शिक्षक अप-डाउनवाले, त्यामुळे यात नवल नव्हतं. नवल हे, की शाळेच्या टाइमटेबलमध्ये स्पॅनिशच्या तासापुढे वेळच लिहिलेली नव्हती. 'गाडी आल्यावर' असं लिहिलं होतं. मुख्याध्यापक प्रामाणिक माणूस होते.

मॅडम उंच, सावळ्या, खांद्याला तपकिरी पर्स. रिक्षातून उतरताना पर्समधून पैसे काढून द्यायच्या आणि चालता चालताच वर्गात शिरून बोलायला लागायच्या. संध्याकाळी पुन्हा तशाच भराभर निघून जायच्या. बाकीच्या पोरांना त्यांची घाई दिसायची. दुर्गाला काही वेगळंच दिसत होतं.

एकदा मी तिला विचारलं, "तुला स्पेनला जायचं आहे का?"

"स्पेन कायले? मले मॅडमसारखं अप-डाउन करायचं आहे."

मी हसले. ती हसली नाही. स्वतःच्या पर्समधून स्वतःचं तिकीट काढायचं, स्वतःच्या कामाला जायचं आणि संध्याकाळी कोणाला न विचारता परत यायचं, एवढंच तिला हवं होतं. मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं की हैदराबादला पुढचं शिकता येतं, राहायची सोय असते, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दुर्गानं ते घरी सांगितलं नव्हतं. घरी काही सांगायचं असतं, ही पद्धतच नव्हती. घरी ऐकायचं असतं.

* * *

कान तयार व्हावा म्हणून मॅडमनी एक कॅसेट आणली होती. त्यात एक नवराबायको हॉटेलात जातात, बसतात, हवापाण्याचं बोलतात, मग वेटर येतो आणि विचारतो, काय घेणार?

इथपर्यंत आलं की लाइट जायची.

भारनियमनाची वेळ आणि मॅडमच्या गाडीची वेळ यांचं काही तरी गणित जुळलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागायची, कारण टेपरेकॉर्डरचं पुढे पळवायचं बटण तुटलेलं होतं. पुन्हा ते जोडपं यायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा वेटर यायचा. दोन वर्षं ते बिचारे उपाशी बसून होते.

सराव परीक्षेला मॅडमनी तीच कॅसेट लावली. त्या दिवशी शाळेनं जनरेटर भाड्यानं आणला होता, पण तोही वेटर आल्यावर बंद पडला. पेपरात प्रश्न होता, 'नवऱ्यानं काय मागवलं?' सगळ्यांनी अंदाजानं लिहिलं. कोणी मासे लिहिले, कोणी भात. मनीष पटलेनं शुद्ध स्पॅनिशमध्ये एकच वाक्य लिहिलं, 'त्यानं मागवण्याआधीच लाइट गेली.'

मॅडमनी त्याला पूर्ण मार्क दिले.

* * *

अॅडव्हान्स्डची तोंडी परीक्षा म्हणजे मत मांडणं. परीक्षक विषय देणार आणि विचारणार, तुमचं मत काय? मग 'एन मि ओपिनिऑन', म्हणजे 'माझ्या मते', असं म्हणून सुरुवात करायची. 'पोर उन लादो', एका बाजूनं पाहता असं. 'पोर ओत्रो लादो', दुसऱ्या बाजूनं पाहता तसं. शेवटी आपण कुठल्या बाजूला आहोत, ते ठणकावून सांगायचं.

सराव म्हणून मॅडमनी पहिला निबंध दिला, 'तरुणांनी आपला व्यवसाय स्वतः निवडावा का?' आम्ही सगळ्यांनी लिहून दिला. दुसऱ्या दिवशी मॅडम गठ्ठा घेऊन आल्या आणि खुर्चीत बसून हसायलाच लागल्या. सगळ्या वर्गानं, एकमेकांचं न पाहता, शेवट सारखाच केला होता, 'माझ्या मते, याबद्दल मी वडिलांना विचारून सांगेन.'

हसून झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि नियम केला. या खोलीत रोज प्रत्येकानं एक मत सांगायचं. कशाहीबद्दल सांगा, पण स्वतःचं पाहिजे. उसनं चालणार नाही.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. कोणी म्हणायचं पाणी चांगलं असतं, कोणी म्हणायचं सूर्य पूर्वेला उगवतो. सूर्याचं हे मत आहे का, असं मॅडमनी विचारलं. दुर्गा तर उभी राहून नुसती बाकाकडे बघायची. मॅडम थांबून राहायच्या. गाडी चुकली तरी चालेल, अशा थांबायच्या.

एक दिवस दुर्गा बोलली. स्पॅनिशमध्ये, सावकाश, एकेक शब्द जुळवत. "माझ्या मते, धानाची रोवणी हे वाईट काम आहे. गाणी चांगली असतात. पण कंबर माझी दुखते आणि गाणं बांधावर बसलेले लोक ऐकतात."

बोलून झाल्याबरोबर तिनं दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही म्हणून. दाराबाहेर शिपाई उभा होता. त्यानं ऐकलं होतं आणि तो पुढच्या वर्गाला पाणी द्यायला निघून गेला. त्याला काही कळलं नव्हतं. अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात कोणालाच कळणार नव्हतं. ही भाषा कायले शिकायची, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

* * *

त्यानंतर आम्हाला मतांचा पूर आला. मी आणि दुर्गा कुडव्यात एका काकूंकडे खोली करून राहायचो, जेवणासकट. काकू मायाळू होत्या, पण त्यांच्या हातची दोडक्याची भाजी म्हणजे आमच्या कर्माचे भोग. ती आठवड्यातून चारदा असायची. आम्ही जेवता जेवता, चेहरे अगदी गोड ठेवून, एकमेकींना स्पॅनिशमध्ये त्या भाजीबद्दल सविस्तर मतं सांगायचो. एका बाजूनं पाहता तिला मीठ नाही. दुसऱ्या बाजूनं पाहता तिला चवही नाही.

काकू दाराला टेकून कौतुकानं ऐकायच्या.

"काय गोड बोलून राहिल्या पोरी. भाजीचंच बोलून राहिल्या ना? तुमच्या बोटावरून समजते मले."

आम्ही माना हलवल्या. काकू आत गेल्या आणि भाजीचं अख्खं पातेलं घेऊन आल्या. "घ्या. लाजू नका."

* * *

खऱ्याखुऱ्या स्पॅनिश माणसाशी आमची गाठ फक्त एकदा पडली, तीही माझ्याच गावात. शनिवारी शाळा सुटली की मी आणि दुर्गा एकाच एसटीनं सडक अर्जुनीपर्यंत यायचो. मी तिथे उतरून घरी जायची, ती गाडी बदलून केशोरीला. त्या दिवशी स्टॅण्डसमोरच्या ढाब्यावर गर्दी जमली होती. मधोमध एक गोरं जोडपं, गळ्यात दुर्बिणी. नवेगावबांधच्या तलावावर पक्षी बघायला निघाले होते आणि रस्ता चुकले होते. त्यांचा भाड्याचा ड्रायव्हर नागपूरचा. त्याला नागपूरच्या बाहेर जग असतं हे त्या दिवशीच कळलेलं.

बाई नवऱ्याशी बोलत होती ते कानावर पडलं आणि दुर्गानं माझा हात घट्ट धरला. "स्पॅनिश बोलून राहिली बाई!"

ढाबेवाल्यानं ते ऐकलं आणि आम्हाला पुढे ढकललं. ट्रकवाले खाटांवर उठून बसले. गावाची इज्जत आमच्या हातात होती. गोऱ्या बाईनं अगदी सोप्या शब्दांत विचारलं, तलावाकडे कुठून जायचं?

उजवीकडे, असं सांगायचं होतं. एवढंच.

आम्हाला उजवीकडे येत नव्हतं. डावीकडेही येत नव्हतं. ते बेसिकमध्ये असतं.

"माझ्या मते," मी सुरुवात केली. एका बाजूनं पाहता हा रस्ता आपल्या प्रदेशाच्या विकासासाठी महत्त्वाचा आहे. दुर्गानं पुढे घेतलं. दुसऱ्या बाजूनं पाहता, पर्यटनाचा पर्यावरणावर होणारा परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. मग पुन्हा मी. बाई आधी हसली, मग तिचं तोंड उघडंच राहिलं. नवऱ्यानं खिशातून पेन काढलं, पण काय लिहावं ते त्याला समजेना. आम्ही शेवटी शाश्वत विकासाच्या बाजूनं ठाम निष्कर्ष काढला आणि थांबलो. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

ढाबेवाल्यानं उजवा हात लांब केला. "वो रास्ता. सीधा." गाडी निघून गेली.

"पोरी लई बोलल्या," ढाबेवाला सगळ्यांना सांगत होता, "म्हणून तर त्यायले समजलं."

* * *

मंडई म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगावं लागत नाही. दिवाळी झाली, धान घरी यायला लागलं, की एकेका गावाची मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, नाटक, आणि घरोघर पाहुणे. ज्याच्या घरी जास्त पाहुणे, त्याचा मान मोठा. आणि एवढे पाहुणे एका जागी जमलेलेच असतात, म्हणून सोयरिकी जुळवायचं कामही तिथेच उरकून घेतात.

बारावीच्या वर्षी केशोरीच्या मंडईला दुर्गाच्या बाबांनी मॅडमना आग्रहानं बोलावलं. मलाही बोलावलं. मॅडम गोंदियाला गाडी बदलून अर्जुनी मोरगावला उतरल्या, तिथून बाबांनी त्यांना जीप करून आणलं. मॅडमना वाटलं, मंडई दाखवायला बोलावलं आहे. मलाही तसंच वाटलं होतं. आंगणात नव्या चादरी टाकलेल्या खाटा आणि दुर्गाच्या अंगावर आईची जरीची साडी बघितली, तेव्हा आम्हा दोघींना कळलं.

मी आत जाऊन दुर्गाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दोन दिवसांपासून लाडू वळून राहिली. काल सांगितलं कोणासाठी ते."

बोलणी जवळपास झालेलीच होती. मुलगा चांगला होता. घरचा ट्रॅक्टर, धानाची जमीन, स्वतः भात गिरणीत हिशेबनीस. तो रुमालाची घडी घालत होता आणि पुन्हा मोडत होता. मार्चमध्ये परीक्षा होती आणि मुलाकडच्यांना फाल्गुनात लग्न हवं होतं. मी मनात जुळवून पाहिलं. हैदराबाद राहू द्या, बारावीचा पेपरसुद्धा गेला होता.

दुर्गा पोहे घेऊन आली, डोक्यावर पदर, आणि पाटावर बसली. बोलत होते ते मुलाचे आजोबा.

"नाव काय बाई तुवं?"

तिनं सांगितलं.

"सैपाक येते?"

"हो."

"रोवणीले जातेस?"

"जातो."

पूर्वी अशा वेळी पोरीला गाणं म्हणायला लावायचे, नाही तर पुस्तक वाचायला द्यायचे. मुकी नाही ना, अडखळत नाही ना, ते पाहायला. आजोबांनी जुन्या रीतीला नवं वळण दिलं.

"ते फॉरेनचं काही शिकून राहिलीस म्हणे. बोलून दाखव बरं थोडंसं."

बाबा खुशीत सरसावून बसले. आंगणाच्या कडेला शेजारीपाजारी होते, त्यांनीही माना पुढे केल्या. दुर्गानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. त्यांना वाटलं, 'माझं गाव' म्हणेल, तो निबंध तिचा छान बसला होता.

"एन मि ओपिनिऑन," दुर्गा म्हणाली.

मी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

ती बोलत राहिली. डोळे खाली, आवाज एकसारखा, कुठे अडखळली नाही. एका बाजूनं पाहता, पाहुणे चांगले आहेत, घर चांगलं आहे, मुलगा शांत दिसतो. दुसऱ्या बाजूनं पाहता, मला आता लग्न करायचं नाही. मला परीक्षा द्यायची आहे. मग हैदराबादला शिकायचं आहे. मग नोकरी करायची आहे आणि रोज गाडीनं जायचं-यायचं आहे. ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा, ते या आंगणात दोनदा विचारून झालं आहे. म्हणून दोन्ही बाजूंचा विचार करून, माझं मत 'नाही' असं आहे.

निष्कर्ष तिनं ठणकावून सांगितला. मॅडमनी शिकवलं होतं तसा.

"वा," आजोबा म्हणाले. मुलाच्या मामानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दुर्गाची आई दाराआडून पदरानं डोळे पुसत होती. बाबांनी शेजाऱ्यांकडे एक नजर टाकली, ऐकलं ना सगळ्यांनी, अशी.

"लई गोड बोलली पोरगी," आजोबा म्हणाले. "आता मॅडम, काय बोलली ते आम्हालेही सांगा जरा मराठीत."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. पाहुण्यांचं स्वागत केलं, एवढं म्हणता आलं असतं. पोहे संपले असते, सुपारी फुटली असती आणि जीप त्यांना स्टेशनवर सोडून आली असती. त्यांनी दुर्गाकडे पाहिलं. दुर्गानं पहिल्यांदाच मान वर केली होती. तिनं नको अशी खूण केली नाही.

मॅडम वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. एकेक वाक्य, क्रमानं, काही न गाळता. 'एका बाजूनं पाहता'सुद्धा गाळलं नाही.

मंडईतल्या पाळण्याचा भोंगा तेवढा लांबून ऐकू येत होता. मुलानं रुमाल खिशात ठेवून दिला. आजोबांनी कप बशीत ठेवला आणि दुर्गाच्या बाबांकडे पाहिलं.

बाबा लेकीकडे वळले. रागावले नव्हते. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"दुर्गे," ते म्हणाले, "हे तुले मराठीत सांगता नाही आलं?"

"मराठीत मले कोणी इचारलंच नाही, बाबा."